‘मॉक’ म्हणजे खिल्ली नव्हे : ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’च्या पिक्चरची पार्श्वभूमी

मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, मालवणजवळ आमच्या वाडीत पडवीला चादर ताणून आम्ही चार-पाच पिक्चर दाखवतो. यंदा त्यात ‘अ कॉक अँड बुल स्टोरी’ घेतला, ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’ या जुन्या इंग्रजी कादंबरीवर पिक्चर करायला निघालेल्या मंडळींची गोष्ट सांगणारा, २००५ चा, आणि पिक्चर लागायच्या आधीच वाद झाला, कारण बेड्याजवळच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाजवळच्या, फळ्यावर नावाखाली एका पोराने खडूने ‘विडंबनपट’ लिहून ठेवलं होतं. मी ते पुसलं. का पुसलं हे त्या गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. पिक्चर ज्यांनी बघितलाय त्यांना गोष्ट माहीत आहे, ती परत सांगत बसत नाही.

आधी ज्याचं भाषांतर म्हणून ‘विडंबनपट’ आला तो शब्द, मॉक्युमेंटरी, म्हणजे डॉक्युमेंटरीसारखा दिसणारा पण नटांनी केलेला पिक्चर. डिक्शनरीत मॉक म्हणजे चेष्टा, टिंगल, आणि तिथूनच विडंबन आलं. पण आपण मराठीत मॉक कुठे वापरतो? मॉक टेस्ट, मॉक ड्रिल. आमच्या किनाऱ्यावर वादळाची, त्सुनामीची मॉक ड्रिल होते, भोंगा वाजतो, कोणीतरी जखमी म्हणून वाळूत झोपतो, बाकीचे त्याला स्ट्रेचरवर घालून पळतात, लांबून बघणाऱ्या म्हाताऱ्यांचा जीव खालीवर होतो. त्यात त्सुनामीची टिंगल कोणी करत नाही. खरी वेळ आली तर काय होईल हे अंगावर घेऊन बघायचं असतं, म्हणजे खऱ्याचं सोंग. आणि सोंग हा शब्द तर कोकणात कोणाला शिकवायला नको, शिमग्यात घरोघर सोंगं येतात तेव्हा आपण त्यांना नारळ-पैसे देतो, खोटी आहेत म्हणून हाकलत नाही.

इतिहास बघितला तरी हेच दिसतं. १ एप्रिल १९५७ ला ब्रिटिश टीव्हीवर स्वित्झर्लंडमध्ये झाडाला स्पॅगेटी लागते आणि बायका ती तोडून उन्हात वाळवतात असा तीन मिनिटांचा गंभीर चेहऱ्याचा रिपोर्ट दाखवला गेला, आणि कित्येकांनी फोन करून झाड कसं लावायचं विचारलं. ही गंमत होती, मान्य. पण १९६५ मध्ये त्याच देशात ‘द वॉर गेम’ बनला, इंग्लंडवर अणुबॉम्ब पडला तर काय होईल ते बातमीच्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखं दाखवणारा, जळलेली माणसं, ब्लँकेटात गुंडाळलेली पोरं, सगळं नटांनी केलेलं. ज्या चॅनेलने तो करून घेतला त्यानेच तो टीव्हीवर लावायला नकार दिला, वीस वर्षं, १९८५ पर्यंत. आणि मधल्या काळात त्याला ऑस्कर मिळालं ते चक्क डॉक्युमेंटरीचं. त्यात हसण्यासारखं एक मिनिट नाही. हसण्याशी या प्रकाराची गाठ पक्की बसली ती १९८४ च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’मुळे, खोट्या रॉक बँडवरचा पिक्चर, आणि मग २००१ पासून ऑफिसातल्या लोकांवरच्या त्या ब्रिटिश सिरियलमुळे. म्हणजे मॉक बरोबर कॉमेडी ही जोडी तशी अलीकडची आहे, आणि आपण ती मुळापासूनची समजून चालतो.

आता दुसरा प्रश्न, हा पिक्चर मॉक्युमेंटरी आहे तरी का? काटेकोर माणसं म्हणतील नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. मॉक्युमेंटरीत एक डॉक्युमेंटरीवाली टीम गोष्टीच्या आतच असते, माणसं त्या कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. इथे मुख्य नटाची मुलाखत घ्यायला एक जण येतो तेवढा भाग सोडला तर हॉटेलातल्या, सेटवरच्या सीनमध्ये कॅमेरा कोणाचा हे कोणी विचारत नाही. पण नट स्वतःच्याच नावाने वावरतात, हातातला कॅमेरा मागेमागे फिरतो, संवाद जागच्या जागी सुचल्यासारखे येतात, आणि बघणाऱ्याला सतत वाटत राहतं की हे खरंच झालं असेल. माझ्या मते एवढ्यावर तो त्या घरातला धरायला हरकत नाही, चुलत घरातला म्हणा पाहिजे तर.

मूळ कादंबरीबद्दल थोडक्यात. ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’ १७५९ ते १७६७ मध्ये नऊ खंडांत आली, लिहिणारा यॉर्कशायरमधला एक पाद्री. इकडे ते पानिपतच्या आगेमागेचं दशक, म्हणजे किती जुनी ते लक्षात येईल. नायक स्वतःचं चरित्र सांगायला बसतो आणि इतका आडवाटेला जातो की तिसऱ्या खंडापर्यंत त्याचा जन्मच होत नाही. एक पात्र मेलं म्हणून एक पान दोन्ही बाजूंनी काळं. विधवा वॉडमन कशी दिसते ते वाचकाने स्वतःच काढावं म्हणून एक पान कोरं. एक पान पाण्यावर रंग सोडून त्यावर कागद टेकवून काढलेल्या नक्षीचं, आणि पहिल्या आवृत्तीत हे हाताने केलेलं, त्यामुळे प्रत्येक प्रतीत ते वेगळं. चौथ्या खंडात एक अख्खं प्रकरण गायब, पानांचे आकडेसुद्धा पुढे उडी मारतात. इंग्रजीचा मोठा शब्दकोश करणाऱ्या त्या काळच्या विद्वानाने १७७६ मध्ये सांगून टाकलं की विचित्र काही फार टिकत नाही, हे पुस्तक टिकलं नाही. ते टिकलं. पण पिक्चर करता येणार नाही अशा पुस्तकांच्या यादीत जाऊन बसलं, आणि काळ्या पानाचा सीन कसा घेणार हे विचारलं की कोणीही गप्प होईल.

अशा पुस्तकांवर मार्ग काढायचे प्रयत्न आधीही झालेत. १९८१ मध्ये ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन’ करताना कादंबरीला दोन शेवट आहेत म्हणून पिक्चरमध्ये पिक्चर घातला, एक शेवट पात्रांना, एक ती पात्रं करणाऱ्या नटांना. ‘डॉन किहोते’वर पिक्चर करायला निघालेल्या एका दिग्दर्शकाचं शूटिंग २००० मध्ये पुरात आणि नायकाच्या आजारपणात बुडालं, त्या बुडण्याचीच खरी डॉक्युमेंटरी २००२ मध्ये आली, आणि मूळ पिक्चर पुरा व्हायला २०१८ उजाडलं. आमच्या पिक्चरवाल्यांनी काय केलं तर बुडण्याची वाट न बघता तेच कथानक धरलं. पुस्तक म्हणतं आयुष्य पुस्तकात मावत नाही, पिक्चर म्हणतो पुस्तक पिक्चरमध्ये मावत नाही, आणि मी याला कादंबरीशी इमान म्हणतो, खिल्ली नाही.

इथे त्या लढाईच्या सीनबद्दल बोललंच पाहिजे, कारण वाडीत सगळ्यात जास्त भांडण त्यावर झालं. नामुर शहराच्या वेढ्यात नायकाच्या टोबीकाकाला जांघेत जखम होते, ती लढाई घ्यायची, पण माणसं मोजकी, दिसायला केविलवाणं. मग पैसे आणायला टोबीकाका आणि विधवा वॉडमनचं प्रेमप्रकरण आत घ्यायचं, त्यासाठी अमेरिकेत नाव असलेली नटी बोलवायची, ती येते, आणि शेवटच्या कापाकापीत लढाई आणि ती नटी दोन्ही जवळजवळ नाहीशी. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांचं म्हणणं, वॉडमनचं प्रकरण हा कादंबरीचा गाभा आहे आणि तोच कापला म्हणजे पुस्तक न वाचल्याचं लक्षण. मी त्यांना मानतो, पण इथे पटत नाही. ज्या बाईसाठी लेखकाने कोरं पान ठेवलं ती पिक्चरमध्ये येता येता राहून जाते, याच्याइतकं पुस्तकाला धरून दुसरं काय असणार? मास्तर अजून कबूल नाहीत.

पडद्यामागेही कापाकापी झाली. पटकथाकाराचं दिग्दर्शकाशी बिनसलं, दोघांनी आधी बरेच पिक्चर एकत्र केले होते, आणि त्याने आपलं नाव काढून घेतलं, श्रेयनामावलीत आहे तो मार्टिन हार्डी नावाचा कोणी माणूसच नाही. बरेच लोक ही पिक्चरचीच एक गंमत समजतात. ती गंमत नाही, एका माणसाने वर्षांच्या मेहनतीवरून स्वतःचं नाव पुसलंय, आणि मला ती पाटी आली की दरवेळी वाईट वाटतं.

आता दशावतार, म्हणजे आमच्याकडचं जत्रेतलं नाटक. पिक्चर सुरू होतो मेकअपच्या खुर्च्यांवर, दोन नट शेजारीशेजारी, एकाच्या दातांच्या पिवळेपणावर चर्चा, कोण मुख्य आणि कोण दुय्यम यावर टोचाटोची. पुढे एक जण दुसऱ्यापेक्षा उंच दिसावा म्हणून बुटांच्या टाचांची भानगड. हा भाग लागला आणि पुढच्या बाकावर बसलेले आमचे आबा, तीस वर्षं जत्रांतून स्त्रीपार्ट केलेला माणूस, मोठ्याने म्हणाले, “अरे ह्यां तर आमचांच आसा, रंगपटातलां भांडण बाहेर दाखवल्यानी!” लहानपणी देवळामागे रंगपटाच्या कापडाला डोळा लावून आम्ही तेच बघायचो. पेटाऱ्यावर बसलेला माणूस, समोर हातभर आरसा, वर एक बल्ब, अर्धा चेहरा द्रौपदीचा झालेला आणि अर्धा अजून आबांचा, ओठांची लाली जाऊ नये म्हणून चहा तोंड वर करून ओततायत, आणि त्याच वेळी राजपार्टवाल्याशी मागच्या जत्रेच्या पैशांवरून जुंपलेली. मग ते बाहेर यायचे, बाकड्यावर बसायचे, आणि ते बाकडं सिंहासन व्हायचं. आत बघितलेलं भांडण आम्ही विसरायचो असं नाही, ते लक्षात असूनही रडायला यायचं.

धयकाल्यात, म्हणजे दशावताराच्या खेळात, लिहिलेली संहिता नसते. आधी आडदशावतार, गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, वेद चोरणारा संकासूर आणि त्याचं मालवणी बोलणं, मग आख्यान, आणि आख्यानाची गोष्ट रंगपटात ठरते, संवाद समोर उभं राहून सुचतात. म्हणजे अवघड ग्रंथ, हातात कागद नाही, नटाच्या तोंडावर भरवसा. त्या दोन ब्रिटिश नटांचं एकमेकांच्या तोंडातून वाक्य काढून घेणं बघताना आबांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही, सबटायटलं वाचायच्या आधी ते हसत होते.

सिनेमा कसा बनतो हे सिनेमातच दाखवणंही आपल्याला नवीन नाही, नाशिकहून पिक्चर करणाऱ्या आपल्या आद्य माणसाने १९१७ मध्येच ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा पट काढला होता, त्यात तो स्वतः दिसतो. आणि अवघड कादंबरीचं म्हणाल तर वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रावरून नाव घेतलेली ‘कोंडुरा’ ही आपली कादंबरी, १९६६ ची, तिच्यावर १९७८ मध्ये पिक्चर झाला तो हिंदी आणि तेलुगूत. मराठीत नाही. पिक्चर चांगला आहे, तक्रार त्याबद्दल नाहीच, पण ज्या बोलीच्या हवेत ते पुस्तक श्वास घेतं ती हवा पडद्यावर यायची राहिली, आणि ती कशी आणायची यावर कोणी अडखळत का होईना पिक्चर करावा असं मला फार वाटतं. २०१६ मध्ये सावंतवाडीजवळ आकेरीत सिरियलचं शूटिंग झालं तेव्हापासून मालवणी बोलणं घराघरात ऐकलं जातं, म्हणजे भाषा कळणार नाही ही सबब आता उरलेली नाही.

त्या दोन नटांचं पुढे काय झालं ते तरुण पोरांना जास्त माहीत आहे. २०१० पासून त्याच दिग्दर्शकाबरोबर दोघांनी स्वतःच्याच नावाने हॉटेलात जेवत फिरायच्या सिरियल केल्या, आधी उत्तर इंग्लंड, मग इटली, स्पेन, आणि २०२० मध्ये ग्रीस. मिनिटामिनिटाला नकला, मधूनच मुलांची, वयाची, मरणाची बोलणी. आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी मोबाईलवर नकलांचे तुकडे बघितले होते आणि हा पिक्चर त्याचं मूळ आहे हे त्यांना पडवीतच कळलं. श्रेयनामावली चालू असताना रिकाम्या थिएटरात दोघं नक्कल करत बसतात, तिथूनच ती सगळी वाट निघाली.

फळ्यावर शेवटी ‘सोंगपट’ लिहिलं. मास्तरांनी शब्दावर आक्षेप घेतला नाही, फक्त खाली बारीक अक्षरात ‘मूळ पुस्तक : नऊ खंड’ असं स्वतःच्या हाताने घातलं. पुढच्या मेमध्ये ‘कोंडुरा’ लावणार आहोत, हिंदीतला, आणि आधी कादंबरीतली पंधरा-वीस पानं आबा मोठ्याने वाचणार आहेत.