बिघडलेल्या चाकाने उकरलेली पांढरी माती

नासाच्या स्पिरिट या रोव्हरचे पुढचे उजवे चाक 2006 मध्ये फिरेनासे झाले आणि तेव्हापासून ही गाडी ते चाक फरपटत उलटी चालू लागली. 2007 मध्ये मंगळावरील गुसेव्ह विवरात त्याच चाकाने जमिनीत चर पाडला, तेव्हा तांबूस धुळीखालून लख्ख पांढरी माती वर आली. तिच्यात सुमारे 90 टक्के सिलिका, म्हणजे वाळू आणि काच यांचा मुख्य घटक, होती. इतकी सिलिका एका जागी गोळा व्हायला पाणी लागते, आणि बहुधा गरम पाणी.

ते कोणत्या रूपात होते, हे ताडण्यासाठी पृथ्वीवरच्या ज्वालामुखींकडे वळावे लागते. हवाईतील किलाउआवर भेगांमधून गंधकयुक्त वाफ निघते, ओलाव्यात मिसळून तिचे आम्ल बनते आणि ते बेसॉल्टमधील लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम धुऊन नेते. मागे उरतो तो सिलिकेचा पांढरट सांगाडा. गरम झऱ्यांत मात्र खोलवरचे पाणी विरघळलेली सिलिका वर आणते आणि निवता-आटताना तिचे थर बसवत जाते. या थरांत सूक्ष्मजीवांचे अवशेष बंदिस्त होऊन दीर्घकाळ टिकू शकतात, म्हणून हा फरक मला कळीचा वाटतो.

चिलीतील एल तातिओचे गरम झरे सुमारे 4,300 मीटर उंचीवर आहेत. तेथील हवा इतकी विरळ, की पाणी 86 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते. रात्री पारा शून्याखाली जातो आणि दिवसा अतिनील किरणांचा तीव्र मारा होतो, म्हणजे परिस्थिती काहीशी मंगळासारखी. झऱ्यांच्या उथळ ओहोळांत सिलिकेच्या गाठी तयार होतात आणि त्यांना बोटांसारखे बारीक कोंब फुटलेले दिसतात. स्टीव्हन रफ आणि जॅक फार्मर या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले, की स्पिरिटने गुसेव्ह विवरातील होम प्लेट या पठाराजवळ टिपलेल्या सिलिकेच्या खडकांचा घाट या कोंबांशी विलक्षण जुळतो. एल तातिओत त्यांच्या घडणीत सूक्ष्मजीवांचा सहभाग असल्याच्या खुणा आहेत. तरीही मंगळावर जीवसृष्टी होती, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही, कारण सजीवांवाचून सिलिका असा आकार घेण्याची शक्यता मोडीत निघालेली नाही.

याचा निकाल लावण्यासाठी खडकाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतील आणि ती सोय स्पिरिटवर नव्हती. पर्सिव्हिअरन्स रोव्हरसाठी विचारात घेतलेल्या अखेरच्या तीन जागांत हा परिसर होता, पण 2018 मध्ये जेझेरो विवराची निवड झाली. स्पिरिट 2009 मध्ये होम प्लेटच्या कडेलाच वाळूत रुतली आणि मार्च 2010 नंतर तिच्याकडून संदेश आला नाही. ते खडक अजून तिथेच आहेत.