दम्याचा पंप (इनहेलर) ‘चालत नाही’ म्हणून परत आणण्याआधी

(पंचवटीतल्या आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी)

दिवाळीच्या आसपास हवेत गारवा आला की काउंटरवर रोज एक तरी माणूस म्हणतो, “पंप खराब निघाला, बदलून द्या.” आम्ही पंप हलवतो आणि हवेत एक फवारा मारून बघतो. बहुतेक वेळा तो व्यवस्थित चाललेला असतो. मग वाद होतो, मागची रांग थांबते, आणि ज्याला खरोखर धाप लागते आहे तो तशाच छातीने घरी जातो. म्हणून हे लिहून ठेवले आहे.

उघडलेला पंप आम्ही परत घेत नाही. एकाच्या तोंडाला लागलेली वस्तू दुसऱ्या रुग्णाच्या हातात देता येत नाही. तुमच्या घरच्या माणसासाठी तुम्हीही ती घेणार नाही.

चूक बहुतेक एकच असते. पंप आधी दाबला जातो आणि श्वास नंतर घेतला जातो. फवारा फार वेगाने बाहेर पडतो. त्या क्षणी श्वास आत जात नसेल तर औषध जिभेवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच चिकटते. तोंडाला कडवट चव आली म्हणजे औषध पोहोचले, असे पुष्कळ जणांना वाटते. खरे तर चव जितकी जास्त, तितके औषध तोंडात राहिलेले असते.

टोपण काढा, पंप नीट हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. पंपाचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. आता सावकाश श्वास आत घ्यायला लागा आणि घेता घेताच एकदा दाबा, श्वास मात्र थांबवू नका. छाती भरली की मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा आणि पुन्हा हलवून घ्या. नवा पंप, किंवा बरेच दिवस कपाटात पडलेला पंप, आधी हवेत फवारून चालू करावा लागतो. किती वेळा, ते आतल्या कागदावर लिहिलेले असते.

कॅप्सूलच्या पावडरीचे यंत्र वापरणाऱ्यांनी मात्र याच्या उलट करायचे: श्वास जोरात आणि खोल ओढायचा. यंत्रात फुंकू नका, ओलाव्याने पावडर चिकटते. आणि ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची नसते. ती गिळणारे एखादे आजोबा दर हंगामात भेटतातच, म्हणून सांगतो.

दाबणे आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, घ्या. लहान मुले आणि वयस्कर माणसे यांना तर तो लागतोच, आणि अगदी लहान मुलांना मास्क लावलेला. फवारा आधी त्या नळीत थांबतो, मग सावकाश आत ओढता येतो. आम्ही स्पेसर विकतो म्हणून आग्रह करतो, असे एका ताईंनी तोंडावर सांगितले होते. विकतो, हे खरेच आहे. पण घशात वाया जाणाऱ्या औषधाचे पैसे मोजले तर स्पेसर महाग पडत नाही. तो साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर आत विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतीला चिकटते.

पंप संपला का, हे पाण्यात तरंगवून कळत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फवारत राहतो, आणि माणूस नुसता वायू ओढत बसतो. आकडे दाखवणारा पंप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर हिशेब करा: १२० पफचा पंप, सकाळी दोन आणि रात्री दोन, म्हणजे ३० दिवस. सुरू केल्याची तारीख आम्ही खोक्यावर मार्करने लिहून देतो. खोके फेकू नका.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावरून आमच्याकडे नाराजी होते. “तोच आराम देणारा पंप द्या, दुसरा नको.” हा आराम देणारा, म्हणजे साल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत श्वासनळ्या मोकळ्या करतो आणि त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. पण नळीच्या आतली सूज त्याने उतरत नाही. सूज उतरवणारे औषध, ब्युडेसोनाइडसारखे, दुसऱ्या पंपात असते. ते घेतल्याबरोबर काही जाणवत नाही, म्हणून लोक तेच आधी बंद करतात. दम्याच्या उपचाराची जागतिक मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ पासून नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दमा सांभाळू नये असे सांगितले आहे. वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. तुमची बिले आमच्याकडे असतात. तिसऱ्या पंपाला आम्ही डॉक्टरांकडे जा म्हणतो ते याचसाठी. चिठ्ठीशिवाय पंप देत नाही तेही याचसाठी, शिवाय कायदाही तेच सांगतो.

सूज उतरवणाऱ्या पंपाबद्दल लोक म्हणतात, “स्टेरॉइड आहे ना, सवय लागेल.” सवय लागत नाही. या पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि तो थेट फुप्फुसात जातो. घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. काहींना डॉक्टर फॉर्मोटेरॉल असलेला एकच पंप दोन्ही कामांसाठी देतात, म्हणून शेजाऱ्याचा पंप पाहून आपला बदलू नका. रंगावरही जाऊ नका. कंपनीगणिक रंग बदलतात, नाव वाचा. कोजागिरीच्या खिरीतले औषध श्रद्धेने घेणारे पुष्कळ जण आहेत. घ्या, पण त्या दिवसापासून पंप बंद करू नका.

नाक आणि फुप्फुस एकाच वाटेवर आहेत. सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका आणि वाहणारे नाक याकडे दुर्लक्ष केले तर छातीही बिघडते. आपल्याकडे कारणे ठरलेली आहेत: पावसाळ्यात ओल धरलेल्या वाड्यांच्या भिंतींवरची बुरशी, मोकळ्या प्लॉटवरचे गाजर गवत, गाद्या-गोधड्यांतले धुळीचे सूक्ष्म किडे, झुरळे, फटाके, डासांची कॉइल. गावाकडे चाळीत साठवलेला कांदा निवडताना काळी बुरशी उडते, द्राक्षबागेत भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी होते. तिथे काम करावेच लागत असेल तर एन-९५ मास्क लावा, रुमालाने भागत नाही. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्याने धुवा.

अंगदुखीसाठी गोळी मागताना दमा आहे हे आधी सांगा. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी काही दमेकऱ्यांना झटका येतो. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीही येऊ शकतो. रात्री माँटेलुकास्टची गोळी घेणाऱ्या मुलाला भयानक स्वप्ने पडू लागली किंवा तो एकदम चिडचिडा, उदास झाला, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, किंवा आराम देणाऱ्या पंपानेही उतार पडत नसेल, तर आमच्याकडे येऊ नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला बसते ठेवा, आडवे करू नका, आणि आराम देणाऱ्या पंपाचे स्पेसरमधून एकेक करत चार पफ द्या. चार मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा चार.

पंप घेण्याची पद्धत आम्ही मोफत शिकवतो, रिकाम्या सरावाच्या पंपावर, आमच्याकडून औषध घेतले नसेल तरीही. दुपारी दोन ते चार या वेळेत गर्दी कमी असते. येताना स्वतःचा पंप, स्पेसर आणि शेवटची चिठ्ठी घेऊन या. घरी पंप देणारी व्यक्ती वेगळी असेल, तर तिलाही बरोबर आणा.