‘पासवर्ड चुकीचा’ या संदेशामागची पार्श्वभूमी

एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केलेली, फाइल उघडेनाशी झाली की मदत मागणारा बहुतेक वेळा एकच सांगतो: पासवर्ड मला पक्का ठाऊक आहे, तरी सॉफ्टवेअर तो चुकीचा म्हणते. ‘नीट आठवून बघा’ म्हणत त्याची बोळवण करणे सोपे असते. पण पुष्कळदा त्याचेच म्हणणे खरे निघते. फाइल किंवा सगळी डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या ट्रूक्रिप्ट या सॉफ्टवेअरच्या जुन्या संदेशात दोन शक्यता होत्या: पासवर्ड चुकीचा आहे किंवा हे ट्रूक्रिप्टचे व्हॉल्यूम (एन्क्रिप्ट केलेली साठवण) नाही. ट्रूक्रिप्टमधूनच निघालेल्या व्हेराक्रिप्टने त्या चारवर नेल्या: पासवर्ड चुकला, पासवर्डसोबत द्यायचा पीआयएम आकडा चुकला, हॅशची (पासवर्डवरून किल्ली काढण्याच्या पद्धतीची) निवड चुकली किंवा हे व्हॉल्यूमच नाही. यांपैकी नेमके काय झाले ते सॉफ्टवेअर सांगत नाही, कारण ते त्यालाही कळलेले नसते. आणि ते त्याला कळू नये, असे विचारपूर्वक ठरवले गेले होते.

त्याआधीच्या काळात दुखणे वेगळे होते. झिपच्या जुन्या एन्क्रिप्शनमध्ये पासवर्ड पडताळायला जेमतेम एक बाइट असे. त्यामुळे सरासरी २५६ चुकीच्या पासवर्डांमागे एक ‘बरोबर’ ठरायचा, फाइल सुटायला लागायची आणि शेवटी सीआरसीची, म्हणजे मजकूर जुळवून पाहणाऱ्या आकड्याची, चूक यायची. पासवर्ड चुकला असूनही लोक फाइल खराब झाली असे धरून चालत. हे एन्क्रिप्शन फोडण्याची रीत १९९४ मध्येच प्रसिद्ध झाली होती. वर्ड-एक्सेलच्या ९७ ते २००३ पर्यंतच्या फाइलींना नेहमीच्या सेटिंगमध्ये ४० बिटांचीच की, म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली, मिळे. त्यामागे अमेरिकेचे निर्यात-निर्बंध होते. भारतातही इंटरनेट सेवेच्या परवान्यांत ४० बिटांपलीकडच्या एन्क्रिप्शनसाठी परवानगीची अट होती. एवढी छोटी किल्ली संगणकाला बसवून शोधता येते. म्हणून त्या काळी ‘पासवर्ड विसरलो’ याला खरोखर उत्तर असायचे आणि दुकानातला कुणी जाणकार फाइल उघडून द्यायचा.

२००१ मध्ये एईएस ही मजबूत एन्क्रिप्शनपद्धत प्रमाणित झाली आणि पुढच्या काही वर्षांत झिपपासून ऑफिसपर्यंत सगळीकडे पोहोचली. लांब पासवर्ड दिलेली एईएसची फाइल फोडून देणारे साधन नाही. तरी ‘काहीतरी टूल असेलच’ ही समजूत तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. त्या समजुतीपायी लोक पैसे घालवतात आणि कधी कधी फाइलही.

विंडोज २००० सोबत आलेल्या ईएफएस या फाइली एन्क्रिप्ट करण्याच्या सोयीने आणखी एक खड्डा करून ठेवला. त्यात वेगळा पासवर्ड टाकावाच लागत नसे. एन्क्रिप्शनची की वापरकर्त्याच्या खात्याला बांधलेली असे. विंडोज एक्सपीपासून खात्याचा पासवर्ड बाहेरून रीसेट केला की ती की हातची जाई. आपल्याकडे संगणक मंदावला की ‘विंडोज नवीन टाकून घ्या’ हा ठरलेला सल्ला. नव्या विंडोजमध्ये डी ड्राइव्हवरच्या फाइली जशाच्या तशा दिसत, नावेही दिसत, पण उघडायला गेले की परवानगी नाकारली जाई. त्या कीच्या प्रमाणपत्राचा बॅकअप आधी घेतला नसेल तर त्या फाइली गेल्यातच जमा.

आता त्या निर्णयाकडे वळू. ट्रूक्रिप्ट फेब्रुवारी २००४ मध्ये आले. त्याचे कर्ते शेवटपर्यंत उघडपणे पुढे आले नाहीत. त्याच्या व्हॉल्यूमवर कसलीही खूण नसेल, असे त्यांनी ठरवले. हेडरमध्ये, म्हणजे व्हॉल्यूम उघडायची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागात, पहिले ६४ बाइट म्हणजे सॉल्ट (पासवर्डात मिसळायचे यादृच्छिक आकडे) आणि पुढचा सगळा भाग एन्क्रिप्ट केलेला. बाहेरून पाहणाऱ्याला आरंभापासून अखेरपर्यंत निव्वळ विस्कळीत आकडे दिसतात. पासवर्डवरून की काढायची, तिने हेडर उलगडायचा आणि आत अपेक्षित चार अक्षरे व चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळले तर ते व्हॉल्यूम. जुळले नाही तर पासवर्ड चुकला, हेडर बिघडला की भलतीच फाइल दिली, हे ओळखायला काहीही आधार उरत नाही.

यामागचा हेतू खोटा नव्हता. फाइल एन्क्रिप्टेड आहे हेच सिद्ध होत नसेल तर पासवर्डसाठी दडपण आणणे अवघड जाते. व्हॉल्यूमच्या पोटात दुसरे छुपे व्हॉल्यूम ठेवायची सोयही याच तत्त्वावर उभी राहिली. पत्रकार, आंदोलक, सीमेवर लॅपटॉप दाखवावा लागणारे प्रवासी यांना त्याची गरज होती आणि आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार, अधिकृत आदेश असताना माहिती उलगडायला मदत नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्याने तर नागरिकांनी मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा अशी अपेक्षा केली होती. तो काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. अशा वातावरणात खूण नसण्याचे मोल कळते.

पण हे सॉफ्टवेअर वापरणारे बहुसंख्य लोक त्या संकटात नव्हतेच. त्यांना पेनड्राइव्ह हरवला तर पॅनकार्डाची प्रत आणि घराची कागदपत्रे कुणाच्या हाती लागू नयेत, एवढेच हवे होते. त्यांच्यासाठी खूण नसण्याची किंमत फार जड होती. सगळी डिस्क एन्क्रिप्ट केली की विंडोजला तीवर ओळखीचे काही सापडत नाही. ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, असे ते विचारते. नव्या संगणकाला लावली तर डिस्क ‘इनिशिअलाइझ’ करायला सांगते. घरातल्या कुणीतरी ‘ओके’ दाबले की डिस्कच्या सुरुवातीला नवी नोंद लिहिली जाते, नेमकी हेडरच्या जागेवर. त्या क्षणापासून बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो आणि संदेश मात्र आधीचाच येतो. माणूस रात्ररात्र पासवर्ड आठवत बसतो आणि दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नसतोच. माझ्या मते दडवण्याची सोय मागेल त्याला द्यायला हवी होती आणि नेहमीच्या वापरासाठी एक साधी खूण ठेवायला हवी होती. लिनक्सच्या लक्स या एन्क्रिप्शन-व्यवस्थेने अशी खूण ठेवली. त्याचा हेडर आपले नाव उघड सांगतो. त्यामुळे हेडर जागेवर आहे आणि बहुधा पासवर्डच चुकतो आहे, हे मदत करणारा मिनिटभरात सांगू शकतो.

ट्रूक्रिप्टने २००८ मधल्या सहाव्या आवृत्तीत यावर अर्धा उपाय केला. हेडरची दुसरी प्रत व्हॉल्यूमच्या शेवटी ठेवली जाऊ लागली. झटपट फॉरमॅटमध्ये सुरुवात पुसली गेली तरी ही प्रत अनेकदा वाचते आणि तिच्यावरून सगळे परत मिळवता येते. मात्र पार्टिशनचा आकार बदलला की ‘शेवट’ कुठे आहे तेच चुकते. आणि ही प्रत आहे हे ठाऊक असणारे थोडेच.

हेडरचे महत्त्व न कळण्याचे मूळ पासवर्ड आणि की एकच समजण्यात आहे. माहिती एन्क्रिप्ट होते ती मास्टर कीने. ही की हेडरमध्ये असते आणि पासवर्ड फक्त हेडर उघडतो, जशी कपाटाची किल्ली गल्ल्यात ठेवावी आणि आपल्या खिशात फक्त गल्ल्याची किल्ली असावी. पासवर्ड बदलला तरी मास्टर की तीच राहते. म्हणून वर्षापूर्वीचा हेडर-बॅकअप परत बसवला तर वर्षापूर्वीचाच पासवर्ड चालतो आणि आजचा ‘चुकीचा’ ठरतो. याच कारणाने, जुना पासवर्ड कुणाला कळला म्हणून तो बदलून भागत नाही. त्या माणसाकडे हेडरची जुनी प्रत असेल तर त्याचा रस्ता उघडाच राहतो. त्यावर नवे व्हॉल्यूम करून माहिती त्यात हलवणे हाच खरा उपाय आहे.

कीफाइलची गोष्ट याला जोडूनच येते. पासवर्डसोबत एखादी फाइलही किल्ली म्हणून द्यायची सोय आहे आणि तिचा पहिला १०२४ केबी भागच विचारात घेतला जातो. कितीतरी जणांनी त्यासाठी आवडीचे एमपी३ गाणे निवडले. पुढे एखाद्या प्लेअरने गाण्याचे टॅग दुरुस्त केले. हे टॅग बहुधा फाइलच्या सुरुवातीलाच असतात. गाणे तसेच वाजते, व्हॉल्यूम मात्र उघडत नाही.

२८ मे २०१४ रोजी ट्रूक्रिप्टच्या संकेतस्थळावर अचानक सूचना झळकली की हे सॉफ्टवेअर सुरक्षित नाही, त्यात न सुधारलेल्या त्रुटी असू शकतात. वापरकर्त्यांना विंडोजच्या स्वतःच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनकडे जायला सांगितले गेले. शेवटची ७.२ आवृत्ती फक्त जुनी व्हॉल्यूम्स उघडण्यापुरती होती. लोक घाबरले, आणि त्यात नवल नव्हते. पुढे एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या स्वतंत्र तपासणीत मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा आढळला नाही. दरम्यान २०१३ मध्येच सुरू झालेल्या व्हेराक्रिप्टकडे लोक वळले. त्याने पासवर्डवरून की काढण्याच्या गणिताच्या फेऱ्या १,००० किंवा २,००० वरून काही लाखांवर नेल्या. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच होते, पण जुन्या लॅपटॉपवर व्हॉल्यूम उघडायला इतका वेळ लागू लागला की लोक ते अडकले समजून मध्येच बंद करत. फेऱ्या कमीजास्त करायला पीआयएम आला आणि लक्षात ठेवायच्या गोष्टींत एकाची भर पडली.

मराठी वापरकर्त्यांचा एक प्रश्न इथूनच सुरू झाला. ट्रूक्रिप्ट पासवर्डमध्ये देवनागरी घेतच नव्हते. व्हेराक्रिप्टने २०१६ च्या १.१७ आवृत्तीपासून व्हॉल्यूमसाठी युनिकोड, म्हणजे देवनागरीसह इतर लिप्यांतलेही, पासवर्ड स्वीकारले. ‘दुसऱ्या’ किंवा ‘किनाऱ्यावर’ असा शब्द पासवर्डात असेल तर जपावे लागते. त्यातला ऱ्य काही कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहितात, काही र आणि नुक्त्याने, तर काही र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असतात, आणि सॉफ्टवेअरने मुद्दाम एकसारखेपणा आणला नाही तर त्याच्या लेखी ते तीन निराळे पासवर्ड आहेत. संगणक बदलून कीबोर्ड बदलल्यावर पासवर्ड चालेनासा झाला, तर जुना कीबोर्ड लावून बघणे ही पहिली पायरी.

बिटलॉकरने वेगळी वाट धरली होती. त्याची खूण उघड असते आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की दिलेली असते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे टंकताना आकडा चुकला तर तो कोणत्या गटात चुकला हे तिथल्या तिथे कळते. इतका साधा विचार सामान्य माणसाला केवढा धीर देतो! पण २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून नव्या संगणकांवर हे एन्क्रिप्शन बहुतेकदा आपोआप चालू होते आणि की मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. आपली डिस्क एन्क्रिप्टेड आहे हेच ठाऊक नसलेला माणूस बायोस अपडेटनंतर निळ्या पडद्यावर की मागितलेली पाहतो, आणि खाते दुकानदाराने सेटअप करताना स्वतःच्याच ईमेलवर उघडलेले असू शकते. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले, तेव्हा मोठमोठ्या संस्थांचे तंत्रज्ञही हेच ४८ आकडे शोधत बसले होते.

व्हेराक्रिप्टने २०२३ च्या १.२६ आवृत्तीत ट्रूक्रिप्टची व्हॉल्यूम्स उघडायची सोय काढून टाकली. २०१० च्या आसपास केलेली लग्नाच्या फोटोंची किंवा हिशेबाची फाइल आज नव्या आवृत्तीत टाकली की तोच चार शक्यतांचा संदेश येतो, आणि खरे कारण त्या चारांत स्पष्टपणे लिहिलेलेही नसते. अशा फाइलीसाठी व्हेराक्रिप्टची १.२५.९ ही आवृत्ती लागते, ट्रूक्रिप्ट मोडची चौकट निवडून. ती अधिकृत ठिकाणाहून घ्यावी आणि डिजिटल सही तपासूनच चालवावी. आणि पहिला पासवर्ड टंकण्याआधी मूळ फाइलीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी.