लवणीवर ओतलेलं पाणी

चैत्रात गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या काजूबागायतींतून जाताना दारू गाळायच्या भाटीचा वास आधी येतो, भाटी मागाहून दिसते. चुलीवर तांब्याचं भान, त्यात आंबवलेला काजूचा रस आणि भानातून निघालेली नळी शेजारच्या मातीच्या मडक्यात शिरलेली. या मडक्याला लवणी म्हणतात. जुन्या पद्धतीत लवणीपाशी कुणीतरी बसून करवंटीच्या डवल्याने तिच्यावर सतत पाणी ओतायचं. लहानपणी हे काम माझ्याकडे असे आणि मला वाटायचं, मला एका जागी बसवून ठेवायची ही मामाची युक्ती आहे. इंजिनिअरिंगला ‘हीट ट्रान्सफर’ शिकताना कळलं, भाटीची खरी कसोटी चुलीपाशी नव्हतीच, लवणीतली वाफ थंड करून तिचा द्रव करणाऱ्या डवल्यापाशी होती.

हिशेब करून बघा. एक किलो पाण्याची वाफ द्रव होताना सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता सोडते, अल्कोहोलची वाफ साधारण ८४०. हुर्राकात, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूत, अल्कोहोल असतं जेमतेम पंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नळीतून येते ती मुख्यतः पाण्याचीच वाफ. एक लिटर हुर्राक मिळवायचा तर दोन हजारांवर किलोज्यूल कुणीतरी वाहून न्यायला हवेत. ओतलेलं पाणी २० अंशांनी तापत असेल तर एक लिटर पाणी ८४ किलोज्यूल नेतं. म्हणजे लिटरभर हुर्राकामागे जवळजवळ २५ लिटर पाणी! माझे हात का दुखायचे, याचं उत्तर असं दहा-बारा वर्षांनी मिळालं.

आता लवणीच्या जागी तांब्याची नळी टाकीतल्या पाण्यात बुडवलेली दिसते. त्याने नेमकं काय बदललं? उष्णतेला आतून बाहेर पडताना तीन अडथळे ओलांडावे लागतात: आतल्या भिंतीवर साचलेला द्रवाचा पातळ थर, मग भिंत, मग बाहेरचं पाणी. भाजलेल्या मातीपेक्षा तांबं काहीशे पटींनी चांगलं उष्णतावाहक. लवणीची भिंत ८ मिलिमीटर जाड धरली तर माझ्या ढोबळ आकडेमोडीत एकूण अडथळ्यापैकी तीनचतुर्थांशाहून जास्त एकट्या मातीचा निघतो. तिच्या जागी तांब्याचा पत्रा आणला की तेवढ्याच पृष्ठभागातून चार-पाच पट उष्णता जाते. पण गंमत पुढे आहे. तो पत्रा आणखी निम्म्याने पातळ केलात तरी काही फरक पडणार नाही. अडथळा आता तिथे उरलेलाच नाही, तो नळीभोवती तापून साचलेल्या पाण्यात आहे. आता पाणी हलतं ठेवा, फायदा होईल.

आतला थरही कमी लेखू नये. मिलिमीटरच्या दशांशात मोजावा असा हा पापुद्रा. त्याचं गणित विल्हेल्म नुसेल्ट या जर्मन अभियंत्याने १९१६ साली मांडलं आणि आजही ते शिकवतात. थर न साचता थेंब सुटे राहिले आणि घरंगळून गेले तर उष्णतेचं वहन दहापटीपर्यंत वाढू शकतं. म्हणून संशोधकांना हवं असतं अळवासारखं पृष्ठ. तसे लेप बनतातही, पण वाफेच्या माऱ्यात बरेचसे लवकर झिजतात. अळवावरचं पाणी बाजूला राहिलं, इथे अळूच टिकत नाही.

गोव्यातच याच्या अगदी उलट गरजेची जागा आहे. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे गाभे, म्हणजे बर्फात खोल भोक पाडून काढलेले लांब दंडगोल, तिथे उणे २० अंशांत ठेवतात. बाहेर ३२ अंश आणि समुद्राची दमट हवा. अशा खोलीला अडथळा हवाच असतो: १५ सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोमच्या भिंतीतून चौरस मीटरला सुमारे आठ वॅटच उष्णता आत शिरते. तरी शीतगृह चालवणाऱ्यांना धास्ती असते ती दाराची. दार उघडलं की बाष्प आत येतं, थंड नळ्यांवर हिम बनून बसतं आणि तेच हिम नळ्यांना पांघरूण होतं.

उष्णतावहनाचा हा विषय शिकायला गोव्याबाहेर जायलाच हवं असं नाही. फर्मागुडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून आहे, त्याच आवारात २०१६ मध्ये आयआयटी सुरू झाली. एनआयटी २०१० ची, झुआरीनगरची बिट्स २००४ ची. कामंही आहेत. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत ड्रायर आणि बाहेरच्या आवरणात वाफ खेळवून तापवायची भांडी, वास्कोच्या गोदीत समुद्राच्या पाण्याने थंड होणारी इंजिनं. बाहेर पडलात तर गाड्यांच्या बॅटऱ्या आणि डेटा सेंटर, दोन्ही तापण्यानेच बेजार. मुलं मात्र हा विषय सूत्रं पाठ करून उरकतात, हे मला खटकतं. नळीतल्या प्रवाहात उष्णता किती जाईल हे काढायला सर्रास वापरलं जाणारं डिटस-बोएल्टर समीकरण पंचवीस टक्क्यांपर्यंत चुकू शकतं, हे पुस्तकातच लिहिलेलं असतं. ती ओळ परीक्षेत येत नाही.

तिसऱ्या वर्षाच्या कुणाला मिनी-प्रोजेक्ट हवा असेल तर एप्रिलमध्ये दोन तापमापक, एक बादली आणि घड्याळ घेऊन भाटीवर जा. टाकीत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान मोजा, मिनिटाला किती लिटर वाहतं ते मोजा, मग नळीतून पडणाऱ्या धारेशी ताळा घाला. मी गेलो तेव्हा मामाने तापमापक हातात घेऊन उलटसुलट पाहिला, टाकीत बोट बुडवलं आणि म्हणाला, “पाणी बदलायला झालं.” पारा तेव्हा कुठे चढायला लागला होता.