हा कुठला पक्षी, प्लीज सांगा ना

फ्लेमिंगो आले की मुंबईतल्या पक्षी-ग्रुपांवर माणसंही येतात. नोव्हेंबर-डिसेंबरपासून शिवडी, ऐरोली, सीवूड्सचे फोटो फिरायला लागतात, कुणीतरी कुणाला ग्रुपची लिंक पाठवतो आणि मग "हा कुठला पक्षी, प्लीज सांगा ना" असं लिहून एक हललेला फोटो येतो, ज्यात बहुतेक वेळा घार असते आणि पाठवणाऱ्याला तो गरुड वाटत असतो. जुनी मंडळी पहिले काही दिवस नीट सांगतात, मग नुसता अंगठा, मग गप्प. मे-जूनमध्ये फ्लेमिंगो गेले की नवीन आलेल्यांतले बरेच जण पण गायब होतात. त्यांच्याबरोबर एखाददुसरा जुना मेंबरही निघून गेलेला असतो, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

हा काही व्हॉट्सॲपचा रोग नाहीये, इंटरनेटवरच्या गप्पांइतकाच जुना आहे. युजनेट नावाचं चर्चेचं जाळं 1980 च्या आसपास सुरू झालं, आणि तिकडे दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या कॉलेजांत ॲडमिशन घेतलेली नवी पोरं घुसायची, तेच तेच प्रश्न विचारायची, जुने चिडायचे, शिकवायचे, महिन्याभरात सगळं जागेवर यायचं. मग 1993-94 च्या सुमारास घरगुती इंटरनेट कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना ते दार उघडून दिलं आणि लोंढा थांबेचना. जुने लोक अजून त्या काळाला 'न संपलेला सप्टेंबर' म्हणतात. नवीन लोक तेव्हाही नवीनच होते हो, फक्त शिकवणाऱ्यांच्या मानाने ते फार झाले आणि मधे श्वास घ्यायला ऑक्टोबर उरला नाही.

पण चिडचिड का होते, याचं चांगलं उत्तर मानसशास्त्रात आहे. 1994 मध्ये डेबोरा प्रेंटिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस ग्रुपला दोन प्रकारे चिकटतो, एक तर विषयाला नाहीतर माणसांना. नवीन येतो तो पक्ष्यांसाठी. जुना मात्र एव्हाना पक्ष्यांपेक्षा पहाटे भांडुप पंपिंग स्टेशनपाशी पक्षी बघायला भेटणाऱ्या चार टाळक्यांसाठी थांबलेला असतो, त्यांचे जोक्स, त्यांची भांडणं, कुणाची दुर्बीण कुणाकडे राहिलीये. म्हणजे जुन्याला जे धरून ठेवतं त्याच गप्पांमध्ये नवा बाहेरचा वाटतो, आणि नव्याला जे हवंय ते जुन्याला हजारदा सांगून झालेलं. सगळी ओढाताण इथे आहे, स्वभाव-बिभाव नंतर.

नव्याला थांबवायला काय लागतं? फार कमी लागतं! 2006 मध्ये एलिझाबेथ जॉइस आणि रॉबर्ट क्रॉट यांनी 6 चर्चागटांतल्या 2,777 नवख्यांचा माग काढला. साधारण 61 टक्के लोकांना पहिल्या मेसेजला उत्तर मिळालं, आणि उत्तर मिळालेले लोक परत लिहिण्याची शक्यता 12 टक्क्यांनी जास्त होती. गंमत म्हणजे उत्तर गोड होतं की तुसडं, प्रश्न सुटला की नाही, याने फारसा फरक पडला नाही. कुणीतरी बोललं, बस. मला हे वाचून आधी पटलंच नव्हतं, पण आपल्याकडे "घार आहे" एवढे दोन शब्द मिळालेला माणूस दुसरा फोटो पाठवतो आणि काहीच न मिळालेला ग्रुप म्यूट करतो, हे बघतोच की आपण.

केलेलं काम पुसून टाकणं मात्र वेगळं. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या 2007 पर्यंत चढली आणि मग उतरत गेली. 2013 मध्ये ॲरन हाफेकर वगैरे संशोधकांनी कारण शोधलं, तर नव्या लोकांचा दर्जा घसरला नव्हता, चांगल्या हेतूने येणारे तितकेच येत होते, पण खोडसाळपणा रोखायला बनवलेली टूल्स त्यांचंही लिखाण झटक्यात उडवत होती.

"आम्हीपण शिव्या खाऊनच शिकलो" असं म्हणणारे सीनियर प्रत्येक ग्रुपवर असतात आणि विज्ञान त्यांच्या बाजूने पण थोडं आहे. 1959 मध्ये ॲरन्सन आणि मिल्स यांनी 63 विद्यार्थिनींवर प्रयोग केला, ज्यांना चर्चागटात प्रवेशासाठी जास्त लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली त्यांना नंतरची कंटाळवाणी चर्चासुद्धा जास्त आवडली. पण त्या मुली परीक्षा संपेपर्यंत बसल्या होत्या. ग्रुपमधून बाहेर पडायला एक टॅप पुरतो.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट टेलरच्या दुकानातली आहे. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह लायबेरियात शिंप्यांकडे शिकणारी पोरं बघत होती. आपल्या लालबाग-परळच्या टेलरकडे जसं काज-बटण, तुरपाई आधी, मग शिलाई आणि कात्री सगळ्यात शेवटी, तसंच तिथे. बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं की गेलं. म्हणजे पोऱ्या पहिल्या दिवसापासून खऱ्या शर्टावर खरं काम करतो, फक्त नुकसान होणार नाही अशा ठिकाणी. 1991 मध्ये लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी यावरून सिद्धांतच मांडला. पक्षी-ग्रुपात याचं रूप म्हणजे फेब्रुवारीतली ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, 15 मिनिटं खिडकीत उभं राहून कावळे, कबुतरं, घारी मोजा आणि ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या साइटवर टाका. घार ओळखता आली की तुमची नोंदही नोंदच.

राहिले जुने. 2013 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बिअरची चव लिहिणाऱ्या दोन ऑनलाइन समूहांची दहा-दहा वर्षांची भाषा तपासली. (हौस कशाची असेल सांगता येत नाही.) नवीन माणूस आधी ग्रुपची भाषा पटापट उचलतो, त्याच्या तिथल्या आयुष्याचा साधारण पहिला एक तृतीयांश हिस्सा यात जातो, आणि मग तो थांबतो. ग्रुप मात्र थांबत नाही. वासाला 'अरोमा' म्हणणारे म्हणत राहिले, नवे 'स्मेल' लिहायला लागले. हळूहळू जुन्याची भाषा आणि ग्रुपची भाषा लांब जाते आणि एक दिवस तो निघतो. पहिल्या काही मेसेजेसवरून कोण किती टिकेल याचा अंदाज बांधता येत होता म्हणे!

आपल्याकडे भारद्वाजाला 'क्रो फेझंट' म्हणणारे काका आणि ॲपवर शिकून 'ग्रेटर कुकल' म्हणणारी पोरगी एकाच ग्रुपवर असतात. काका चुकीचे नाहीत, जुन्या पुस्तकांत तेच नाव होतं. पण म्हणूनच मला वाटतं की नवख्यांना उत्तरं द्यायची ड्युटी ॲडमिनने एकट्याने न घेता जुन्यांना पाळीपाळीने वाटावी, म्हणजे "हा कुठला पक्षी"ला उत्तर मिळेलच, पण काकांच्या कानावर 'कुकल' पण पडत राहील. फक्त पाळी एका वेळी एक आठवड्याचीच ठेवा. काका फ्लेमिंगोच्या सीझनमध्ये त्याहून जास्त टिकणार नाहीत.