प्रोक्लोरोकॉकस

खुल्या समुद्रात तरंगणारा, प्रकाशसंश्लेषण करणारा सायनोबॅक्टेरिया (नीलहरित जीवाणू). पेशीचा व्यास ०.५ ते ०.७ मायक्रोमीटर; माणसाच्या केसाच्या जाडीत अशा शंभरेक पेशी सहज मावतील. प्रकाशसंश्लेषी सजीवांमध्ये ज्ञात असलेला हा सर्वांत लहान जीव, आणि संख्येने सर्वांत जास्तही हाच. साधारण ४० अंश उत्तर ते ४० अंश दक्षिण अक्षांशांदरम्यान, उबदार आणि पोषकद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात, एका मिलिलीटरमध्ये त्याच्या लाखभर पेशी आढळतात. जगभरातली एकूण संख्या ३ वर २७ शून्ये इतकी असल्याचा अंदाज आहे.

एवढा विपुल जीव १९८०च्या दशकापर्यंत कोणाला ओळखता आला नव्हता. त्याच्या खुणा मात्र दिसल्या होत्या. १९७९मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या घडणीच्या पेशी दिसल्या, १९८३मध्ये समुद्राच्या पाण्यात एक अनोळखी हरितद्रव्य सापडले. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध कोणाच्या ध्यानात आला नाही. प्रकाश टाकून पेशींची चमक पाहणाऱ्या साध्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाचाही उपयोग नव्हता, कारण या पेशींची चमक मुळात मंद असते आणि लगेच विझते.

कोडे सुटले ते वैद्यकीय प्रयोगशाळांतल्या उपकरणामुळे. रक्तपेशी एकेक करून लेसरसमोरून नेणारा फ्लो सायटोमीटर समुद्रशास्त्रज्ञ पेनी चिझम आणि रॉबर्ट ओल्सन यांनी १९८५च्या सुमारास थेट जहाजावर नेला. मोजमापाच्या अगदी कडेला लाल चमकेचे बारीक ठिपके उमटू लागले. आधी तो यंत्राचाच गोंधळ वाटला. पण पाणी जितके खोलातले, तितके ठिपके अधिक तेजस्वी. यंत्राचा गोंधळ असा खोली पाहून बदलत नाही. ही लाल चमक हरितद्रव्याची होती, आणि खोलातल्या अंधूक प्रकाशातल्या पेशी जास्त हरितद्रव्य साठवत होत्या. शोधनिबंध १९८८मध्ये आला, नाव १९९२मध्ये मिळाले. चिझम यांना २०१९चे क्राफोर्ड पारितोषिक मिळाले.

जनुकसंच २००३मध्ये वाचले गेले. भूमध्य समुद्रातल्या एका वाणात जेमतेम १७०० जनुके निघाली. काटकसर इतकी, की हायड्रोजन पेरॉक्साइडचे विष उतरवणारे कॅटालेज हे विकरही (एन्झाइम) याच्याकडे नाही. ते काम आसपासचे दुसरे जीवाणू करतात. म्हणूनच त्याला एकट्याने वाढवणे जिकिरीचे ठरते. त्याला ग्रासणारे विषाणू तर प्रकाशसंश्लेषणाची जनुके स्वतःबरोबर बाळगतात आणि पेशी फुटेपर्यंत तिच्याकडून काम करून घेतात.

समुद्रातल्या प्रकाशसंश्लेषी उत्पादनात त्याचा वाटा सुमारे ८.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४ अब्ज टन कार्बन, असा २०१३चा अंदाज आहे. ‘आपला दर पाचवा श्वास याच्यामुळे’ हे वाक्य सर्रास वाचायला मिळते, पण ते या आकड्यांत बसत नाही. जमिनीवरचे उत्पादनही धरले तर वाटा ४ टक्क्यांच्या आसपास येतो. शिवाय समुद्रात तयार होणारा बहुतेक ऑक्सिजन समुद्रातच खर्ची पडतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या गढूळ, पोषक पाण्यापेक्षा दूरचा निळा अरबी समुद्र त्याला मानवतो. तिथे त्याची एक नवलाईची वस्तीही सापडली आहे. पृष्ठभागाखाली ऑक्सिजन जवळपास संपतो त्या थराच्या वरच्या भागात, जिथे सूर्यप्रकाश एक टक्क्याहूनही कमी पोहोचतो, तिथे अंधूक उजेडाला सरावलेले वाण दाटीने राहतात.