घास अडतो तो घशात नाही

‘चार घास पोटात गेले की होईल ठीक.’ ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणं टाळायला लावणारा मानसिक आजार, झालेल्या मुलीला घरचे हेच सांगत राहतात. तिच्या ताटात मात्र अर्ध्या पोळीचे सोळा तुकडे होतात आणि वरणाखाली दडवले जातात. भूक मेलेली नसते, घासाची दहशत बसलेली असते. त्यातून बळेच भरवावं, तर तेही जपून. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर दिलं, की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरतं आणि जिवावर बेतू शकतं.

ही दहशत जिथे घर करते त्या मेंदूतच टोरांटोच्या न्यूरोसर्जन आंद्रेस लोझानो यांच्या गटाने हात घातला. तंत्र पार्किन्सन्सच्या रुग्णांवर वापरतात तेच, डीप ब्रेन स्टिम्युलेशन. कवटीला छिद्र पाडून भावनांशी निगडित भागात बारीक तारा सोडायच्या, छातीच्या कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र बसवायचं आणि विजेचे हलके स्पंद चालू ठेवायचे. 2017 साली 16 जणांचे निष्कर्ष आले. आजार सरासरी 18 वर्षांचा, म्हणजे बाकीचे उपाय करून थकलेले रुग्ण. वर्षभरात त्यांचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 13.8 वरून 17.3 झाला. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो क्रम: आधी चिंता आणि उदासी उतरली, वजन मागून आलं. अर्थात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि दोघांनी यंत्र काढा किंवा बंद करा, अशी मागणीही केली.

अमेरिकेतल्या सॅन दिएगोत 2023 साली वेगळं चित्र दिसलं. 10 स्त्रियांना मानसोपचाराच्या जोडीने सिलोसायबिनचा, म्हणजे भ्रम निर्माण करणाऱ्या अळंब्यांतल्या रसायनाचा, 25 मिलिग्रॅमचा एकच डोस दिला. तीन महिन्यांनी चौघींच्या मनातली आजाराची पकड जवळजवळ सुटली होती, पण एकूण गटाचं वजन फारसं हललं नाही. ओलान्झापिन या स्किझोफ्रेनियावरच्या जुन्या औषधाची तऱ्हा आणखी निराळी: त्याने वजन थोडं वाढतं, विचार तसेच राहतात.

किशोरवयीन मुलींसाठी आजही पहिली पसंती असते ती लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात घडलेल्या कुटुंबाधारित उपचाराला. त्यात घरचे डबा घेऊन क्लिनिकमध्ये येतात. आई-वडील मुलीच्या दोन बाजूंना बसतात. तिची तयारी असेल त्यापेक्षा फक्त एक घास जास्त तिच्या पोटात कसा जाईल, एवढंच त्या दिवशी थेरपिस्ट त्यांना शिकवतो.